जाणत्यांना काय विचारावे, कधी विचारावे

गटाने नवे काम हाती घ्यायचे ठरवले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणते, "आधी त्यांना विचारू, त्यांनी हे केलेले आहे." सगळे माना डोलावतात. पण विचारायचे म्हणजे नेमके काय विचारायचे? अनुभवी सहकाऱ्याला भेटून आलेली मंडळी पुष्कळदा चार शुभेच्छा आणि "हिशेब नीट ठेवा, घाई करू नका" एवढेच घेऊन परततात. ज्या माणसाने त्याच कामात वीस वर्षे घालवली, त्याच्याकडून एवढेच मिळावे याचे वाईट वाटते. दोष सहसा सांगणाऱ्याचा नसतो. प्रश्न चुकीचा विचारलेला असतो, किंवा तो फार उशिरा विचारलेला असतो.

हा विषय समजून घ्यायला तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख फार सोयीचा आहे. पैनगंगेच्या दक्षिणेकडच्या या डोंगराळ भागात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. इथे कोणतेही सामूहिक काम काढा, गटातल्या सगळ्यांची भाषा एक असेल असे नाही. 'आपल्याला ठाऊक आहे' असे गृहीत धरून चालणाऱ्याचा इथे लवकर मुखभंग होतो. म्हणूनच जाणत्याकडून शिकण्याची या भागातली उदाहरणे ठळक आणि शिकण्यासारखी आहेत.

१. अनुभव बोलका का नसतो

ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईला विचारावे, पिठात पाणी किती घालायचे? ती म्हणेल, "अंदाजाने." हे उत्तर टाळाटाळीचे नाही. पीठ ताजे की जुने, दळण बारीक की जाडे, पाणी कोमट की उकळते, हे सगळे तिच्या हाताला कळते आणि हात त्याप्रमाणे पाणी घालतो. ते ज्ञान तिच्याजवळ पक्के असते, पण वाक्यात मांडून ठेवलेले नसते.

बुडापेस्टमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे तत्त्वचिंतक झालेले मायकेल पोलानी यांनी १९५८ आणि १९६६ मधील आपल्या पुस्तकांत याच प्रकारच्या ज्ञानाचा विचार मांडला. त्याला मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. माणूस जेवढे सांगू शकतो त्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते, असा त्यांचा मुद्दा होता. एखादा चेहरा गर्दीत ओळखता येतो, पण कशावरून ओळखला ते सांगता येत नाही, हे त्याचे रोजचे उदाहरण.

कोणत्याही कामाच्या माहितीचे यावरून तीन थर करता येतात. पहिला थर कागदावर असतो: नियम, अर्ज, अंदाजपत्रक. तो मिळवायला अनुभवी माणूस लागत नाही, कार्यालयात गेले तरी मिळतो. दुसरा थर सांगता येण्याजोगा असतो, पण नीट विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. तिसरा थर फक्त सोबत राहून, बघून, हाताखाली काम करून मिळतो. आराखडा करताना बहुतेक गट पहिल्या थरासाठी जाणत्याचा वेळ खर्च करतात आणि दुसऱ्या थरापर्यंत पोहोचतच नाहीत. खरी कमाई दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात आहे.

२. मार्लवाई: आधी दोन वर्षे ऐकणे, मग शाळा

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंड आदिवासींचे नेते कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जमीन, जंगल आणि चराई यांवरच्या हक्काचा तो लढा होता. गोंडांच्या असंतोषाची मुळे शोधण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. व्हिएन्नात जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे एखाद्या समाजात राहून त्याच्या जीवनरीतीचा अभ्यास करणारे संशोधक, दुसऱ्या महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकले होते. १९४१ पासून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांनी उटनूर आणि आसिफाबाद यांच्या दरम्यानच्या डोंगरातील मार्लवाई या गोंड गावात मुक्काम केला. घर गावातल्या इतर घरांसारखेच, मातीचे आणि गवताने शाकारलेले होते.

या भागात शिक्षणाची योजना आखायची झाल्यास हैदराबादच्या कचेरीत बसून काय ठरले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. प्रत्येक मोठ्या गावात एक खोली बांधावी, शहरातून शिकलेला मास्तर पाठवावा, राज्यकारभाराच्या भाषेत म्हणजे उर्दूत शिकवावे. कागदावर ही योजना पूर्ण आहे. तिच्यात खोल्या आहेत, पगार आहेत, पुस्तके आहेत.

गावात राहिल्यावर दिसलेले चित्र निराळे होते. डोंगरातल्या गोंड मुलाला गोंडीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. बाहेरच्या मास्तराला गोंडी येत नव्हती. मोठ्या माणसांच्या जमिनी जात होत्या, कारण ज्या कागदावर अंगठा उठवायचा तो कागद त्यांना वाचता येत नव्हता, आणि तो कागद लिहिणारा पटवारी किंवा सावकार त्यांच्या भाषेतला नव्हता. म्हणजे निरक्षरता आणि जमीन हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. ज्या मोजक्या गोंडांना थोडेफार वाचता येत होते त्यांचे वाचन मराठीतले होते.

या चार गोष्टी हाती आल्यावर कामाचा क्रमच उलटला. १९४३ मध्ये पहिल्यांदा सुरू झाले ते शिक्षक तयार करणारे केंद्र, आणि तेही शहरात नव्हे, मार्लवाईतच. थोडेबहुत वाचू शकणारे प्रौढ गोंड तिथे शिकले आणि मग गावोगाव शिक्षक म्हणून गेले. गोंडी भाषेतील पहिली पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. देवनागरी निवडल्यामुळे गोंडी वाचायला शिकलेले मूल पुढे मराठीकडे वळू शकत होते. लिपी दोनदा शिकण्याचे कष्ट वाचले.

या कामात अनुभवी सहकारी कोण होते? पदव्या असलेले कोणीच नव्हते. गावाचे पटेल होते, ज्यांना जमिनीचा कोणता तुकडा कोणाच्या हातून कसा गेला हे तोंडपाठ होते. प्रधान होते. प्रधान हे गोंडांच्या कुळांचे परंपरागत गायक. किंगरी वाजवत ते गोंडी भाषेत कुळांच्या कथा गातात, पण त्यांची घरची भाषा मराठी. फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या पुराणकथांचा मोठा साठा याच गायकांकडून मिळाला. दोन जगांत ये-जा असलेला असा माणूस कोणत्याही गटाला फार मोलाचा असतो. त्याला दोन्हीकडच्या गोष्टी ठाऊक असतात. शिवाय एका बाजूला जे इतके सवयीचे झाले आहे की कोणी बोलून दाखवत नाही, ते दुसऱ्या बाजूमुळे त्याच्या नजरेत भरते. नवे काम आखताना जाणत्यांची यादी करायची तर असा दुभाषी माणूस, मग तो वयाने वा हुद्द्याने कितीही लहान असो, यादीत वरच्या जागी असावा.

मार्लवाईच्या कामातली सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे वेळ. मुक्काम १९४१ चा, केंद्र १९४३ चे. मधल्या काळात सुरू होते ते ऐकणे आणि बघणे. प्रत्येक गटाला दोन वर्षे मिळणार नाहीत, पण क्रम मात्र पाळता येतो. आराखडा तयार झाल्यावर जाणत्याला दाखवला की तो बहुधा "बरा आहे" म्हणतो. इतक्या लोकांनी कष्टाने केलेला कागद खोडायला माणसाला संकोच वाटतो. कोरा कागद असताना विचारले तर तोच माणूस मोकळेपणाने बोलतो.

३. मत विचारू नये, प्रसंग विचारावा

उटनूर परिसरात आदिवासी महिलांच्या मोहाच्या लाडवांचा उद्योग अलीकडे नावारूपाला आला आहे. समजा, शेजारच्या एखाद्या गावातील बारा जणींच्या बचत गटाला तसेच काम सुरू करायचे आहे आणि त्या एका अनुभवी बाईकडे गेल्या आहेत.

पहिला प्रकार असा: "मावशी, फुले चांगली कशी वाळवायची?" उत्तर येईल, "चांगल्या उन्हात वाळवा." यात नवे काही नाही.

दुसरा प्रकार असा: "मावशी, तुमची फुले कधी वाया गेली होती का? त्या वेळी काय झाले?" आता मावशींना एक विशिष्ट वर्ष आठवते. त्या वर्षी चैत्रात आभाळ भरून आले. घाईघाईने अर्धवट वाळलेली फुले ढीग करून घरात ओढली. सकाळी ढिगात हात घातला तर आतून गरम लागला आणि आंबूस वास आला. वरची फुले बरी दिसत होती, पण ढिगाच्या पोटातली गेली होती. त्यानंतर त्या कधीही ढीग करत नाहीत, पातळ पसरतात आणि रात्री एकदा हात घालून बघतात. या एका प्रसंगातून चार गोष्टी मिळाल्या: कोणता धोका, तो कशामुळे, त्याची पहिली खूण कोणती आणि उपाय काय. मोहफुलांत साखर भरपूर असते, ओल राहिली की ती लगेच आंबतात, हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात मिळेल. ढिगात हात घालून बघायचे असते, हे मात्र मावशींकडूनच कळणार.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांवर संशोधन केले ते याच रीतीने. एका प्रमुखाने सांगितलेला प्रसंग पुढे प्रसिद्ध झाला. एका घराच्या स्वयंपाकघरातली आग पाणी मारूनही हटेना. त्याला काहीतरी खटकले, त्याने साथीदारांना तत्काळ बाहेर काढले आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन खचली. आग खरे तर खालच्या तळघरात होती. आपल्याला हे कसे कळले, असे विचारल्यावर त्याने ते अंतर्ज्ञान मानले होते. प्रसंग पायरीपायरीने पुन्हा सांगायला लावल्यावर उलगडा झाला: खोली अपेक्षेपेक्षा जास्त तापली होती, आगीचा आवाज अपेक्षेपेक्षा कमी होता आणि पाण्याचा परिणाम होत नव्हता. खुणा त्याच्या मनाने टिपल्या होत्या, फक्त त्याला त्या शब्दांत माहीत नव्हत्या.

म्हणून विचारताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. मागच्या वेळी काम अडले तो प्रसंग कोणता? काहीतरी बिघडते आहे हे पहिल्यांदा कशावरून कळले? आणि त्या जागी नवखा माणूस असता तर त्याने काय केले असते? तिसरा प्रश्न विशेष उपयोगी आहे. अनुभवी माणसाला स्वतःचे कौशल्य दिसत नाही, पण नवख्याची चूक लगेच दिसते, आणि ती सांगता सांगता त्याचे कौशल्यही बाहेर येते.

४. किती दिवस लागतील?

हा प्रश्न प्रत्येक आराखड्यात असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा कमी पडते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी स्वतःच्या गटाचा अनुभव नोंदवून ठेवला आहे. १९७० च्या दशकात इस्राएलमध्ये शाळांसाठी विचार आणि निर्णय या विषयाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम त्यांच्या गटाकडे होते. सुमारे वर्षभर काम झाल्यावर कानेमन यांनी सर्वांना, मसुदा पूर्ण व्हायला आणखी किती काळ लागेल ते एकमेकांशी न बोलता लिहायला सांगितले. सगळे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या आत होते. गटात सीमूर फॉक्स नावाचे अभ्यासक्रमाचे तज्ज्ञ होते, त्यांचाही अंदाज त्यातच होता. मग कानेमन यांनी त्यांना वेगळा प्रश्न विचारला: असे काम घेतलेले दुसरे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांचे काय झाले? फॉक्स थबकले. सुमारे ४० टक्के गटांचे काम पूर्णच झाले नाही, आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली, असे त्यांनी सांगितले. शेवटी त्या पुस्तकाला आठ वर्षे लागली, आणि तोवर शिक्षण मंत्रालयाचा उत्साह ओसरला होता.

सगळ्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे माहिती गटातच होती. ती असलेल्या माणसानेही स्वतःचा अंदाज लिहिताना ती वापरली नाही, कारण तशी कोणी मागितली नव्हती. स्वतःच्या कामाकडे आतून पाहिले की फक्त आपली तयारी आणि आपली उमेद दिसते. बाहेरून पाहिले की अशा कामांचे सहसा काय होते ते दिसते. कानेमन आणि त्यांचे सहकारी आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये आतल्या नजरेने केलेल्या अंदाजातील या दोषाला नियोजनाचा भ्रम या अर्थाचे नाव दिले.

मोहाच्या लाडवांचेच उदाहरण पुढे नेऊ. बारा जणींचा अंदाज आहे तीन महिन्यांचा: नोव्हेंबरमध्ये सुरुवात, फेब्रुवारीपर्यंत खोली, भांडी, परवाना तयार, मार्चमध्ये मोह गळू लागला की उत्पादन सुरू. आता त्यांनी आजूबाजूच्या पाच गटांना विचारले असे समजू. उत्तरे मिळाली: एकाला पाच महिने लागले, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला नऊ, चौथ्याला अकरा, आणि पाचव्याने मध्येच सोडले. पूर्ण झालेल्या चार कामांचा मधला आकडा आठ-नऊ महिन्यांचा. नोव्हेंबरपासून आठ महिने मोजले तर जुलै उजाडतो.

इथे फक्त तारीख पुढे गेलेली नाही. मोहाचा हंगाम वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये असतो. खोली जुलैमध्ये तयार होणार असेल तर फुले त्याआधीच वेचून, वाळवून साठवावी लागतील, नाहीतर पुढच्या मार्चची वाट पाहावी लागेल. जुलैमध्ये पावसाळी हवा, म्हणजे साठवण कोरडी हवी. तीन महिन्यांच्या आराखड्यात साठवणीला जागाच नव्हती. नऊ महिन्यांच्या आराखड्यात ते पहिले काम झाले. जाणत्यांच्या आकड्यांनी कामाचा क्रम बदलला तो असा. आणि ज्या गटाने काम सोडले त्यालाही जाऊन भेटले पाहिजे. यशस्वी गटांची नावे कोणीही सांगेल, पण सोडून दिलेल्यांकडे असलेली माहिती इतर कोणाकडे नसते. त्यांच्याकडे जाताना आदराने जावे, कारण ते सांगत आहेत ती त्यांच्या नुकसानीची गोष्ट आहे.

५. काम फसले आहे असे धरून बोलणे

बैठकीत "यात काही अडचण येईल का?" असे विचारले की जाणतेही गप्प बसतात. सगळे उत्साहात असताना अपशकुन करणारा कोण होणार? यावर गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये एका लेखातून सोपी रीत लोकांपुढे ठेवली. गटप्रमुखाने सांगायचे: आज एक वर्ष झाले आहे, आपले काम पार कोसळले आहे, आता प्रत्येकाने काही मिनिटांत त्याची कारणे कागदावर लिहायची. मग एकेकाने एक एक कारण वाचायचे.

प्रश्नातला हा बदल किरकोळ वाटतो, पण परिणाम मोठा होतो. अपयश आधीच मान्य केलेले असल्याने कारण सांगणारा माणूस विरोधक ठरत नाही. उलट जास्तीत जास्त नेमके कारण शोधणारा शहाणा ठरतो. अनुभवी सहकाऱ्याला तर ही संधीच असते, कारण त्याने असली अपयशे खरोखर पाहिलेली असतात. ही बैठक आराखडा जवळजवळ ठरल्यावर, पण पैसे खर्च होण्यापूर्वी घ्यावी. त्याआधी घेतली तर बोलायला विषय नसतो, नंतर घेतली तर बदलायला वाव नसतो.

६. नव्या माणसाची ओळख

आतापर्यंत जाणत्याने सांगायचे आणि नवख्याने ऐकायचे असे गृहीत होते. प्रत्यक्षात चांगल्या गटात उलट दिशेनेही बोलणे चालते, आणि त्यासाठी नव्या माणसाला आधी गटात जागा मिळावी लागते.

इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरची नागोबा जत्रा पौष अमावस्येला भरते. तिची जबाबदारी गोंडांच्या मेश्राम कुळाकडे आहे. कुळातली मंडळी जन्नारम भागातील हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि त्या पाण्याने पूजा होते. मार्ग, मुक्काम, कोणी काय न्यायचे, हे सगळे कुळातले ज्येष्ठ ठरवतात. या सोहळ्याचा एक भाग म्हणजे भेट: कुळात नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना देवासमोर येतात, ज्येष्ठांच्या पाया पडतात आणि त्यांची ओळख करून दिली जाते. त्यानंतरच त्या कुळाच्या पूजेत सहभागी होऊ शकतात. दरवर्षी उभ्या राहणाऱ्या या प्रचंड कामात नव्या व्यक्तीचा प्रवेश असा सगळ्यांदेखत, नावानिशी होतो.

शस्त्रक्रियागृहातही हेच महत्त्वाचे ठरले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावाशी घराण्याचे नाते असलेले अमेरिकेतील शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची तपासयादी तयार केली. तिच्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. यादीत इतरही अनेक गोष्टी होत्या, त्यामुळे सारे श्रेय ओळखीला देता येणार नाही. तरी ज्याने एकदा स्वतःचे नाव उच्चारले आहे तो पुढे धोका दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, या विचारानेच ती पायरी यादीत घातली होती. आराखड्याच्या पहिल्या बैठकीत सर्वांत नव्या सदस्याला सर्वांत आधी बोलू द्यावे. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात.

७. अनुभव कुठे फसवतो

जाणत्याचा शब्द प्रत्येक वेळी प्रमाण मानणे ही दुसरी टोकाची चूक. कानेमन आणि क्लाइन यांची मते सुरुवातीला एकमेकांविरुद्ध होती: एकाने तज्ज्ञांच्या चुका अभ्यासल्या होत्या, दुसऱ्याने त्यांचे कौशल्य. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटी मांडल्या. अनुभव भरवशाचा ठरायचा असेल तर काम ज्या परिस्थितीत होते तिच्यात काही नियमितपणा हवा, आणि माणसाला आपल्या निर्णयाचे फळ वारंवार व स्पष्टपणे पाहायला मिळालेले हवे.

आदिलाबादच्या काळ्या जमिनीतील कापूस हे याचे उत्तम उदाहरण आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर जमिनीत पेरणीजोगी ओल झाली की नाही, हे जुन्या शेतकऱ्याने मूठभर माती दाबून सांगावे आणि ते ऐकावे. त्याने हा निर्णय दरवर्षी घेतला आहे आणि आठवड्याभरात उगवण दिसून त्याला उत्तरही मिळाले आहे. पण येत्या हिवाळ्यात कापसाला काय भाव मिळेल, याबद्दलचा त्याचा अंदाज त्याच भरवशाने घेता येत नाही. भाव जगभरच्या बाजारांवर ठरतो आणि एका वर्षाचा धडा दुसऱ्या वर्षी लागू पडत नाही.

परिस्थितीच बदलली तर पहिली अटही मोडते. २००२ मध्ये भारतात बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक ठरणारा जनुक घातलेल्या, कापसाला परवानगी मिळाली आणि हिरव्या बोंडअळीवर वर्षानुवर्षे फवारणी करून कमावलेले ज्ञान बरेचसे बाजूला पडले. पुढे शेंदरी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. ही अळी बोंडाच्या आत लपते, त्यामुळे बाहेरून पाने-फुले पाहून कीड ओळखण्याची जुनी सवय अपुरी पडली. सल्ला देणारा तोच, शेत तेच, पण खुणा बदललेल्या.

मार्लवाईच्या आधी फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नल्लमलाच्या जंगलातील चेंचू आदिवासींमध्ये काम केले होते. चेंचू तेव्हा मुख्यतः कंदमुळे गोळा करून जगत, तर गोंड नांगर चालवणारे शेतकरी. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा चालला नसता, म्हणूनच मार्लवाईत पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागले. जाणत्याला म्हणून आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: तुम्ही हे केले तेव्हापासून आजपर्यंत काय बदलले आहे? चांगला जाणता या प्रश्नाने दुखावत नाही.

८. सांगितलेले लिहून ठेवणे

निलंगा येथे १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून माहीत आहेत. हैदराबाद संस्थानच्या सेवेत अधिकारी असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासींमध्ये काम केले. ते येण्याआधीच तिथले काम उभे राहिले होते. चालू कामात नंतर येणाऱ्याने काय करावे, हे त्यांच्याकडून शिकावे. त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या, म्हणजे जाणत्यांना दुभाष्याविना विचारता येईल अशी सोय केली. आणि जे कळले ते लिहिले: १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवरचे पुस्तक, १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण, १९५४ मध्ये गोंडीचे.

हे लेखन किती गरजेचे होते ते लवकरच दिसले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य विभागले गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, किनवट आणि राजुऱ्याचा भाग नांदेडमध्ये; राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेले. डोंगरातल्या शाळांत तेलुगू आली आणि देवनागरीतली गोंडी पुस्तके वापरातून गेली. योजना घडवणारी माणसे विखुरली. जे डोक्यात होते ते त्यांच्याबरोबर गेले, जे कागदावर होते ते उरले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्युरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादला परत आले तेव्हा गावागावांतील बदल त्यांना ताडून पाहता आले ते स्वतःच्या १९४० च्या दशकातील नोंदींमुळे. त्या तुलनेवर आधारलेले त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

बचत गटाला वा शाळेच्या समितीला एवढे मोठे लेखन करायचे नसते. एक वही पुरते. बहुतेक गट तिच्यात ठराव लिहितात, म्हणजे काय ठरले ते. का ठरले, हे मात्र लिहिले जात नाही, आणि तीन वर्षांनी नवे सदस्य येतात तेव्हा नेमकी त्याचीच विचारणा होते. साठवणीची खोली आधी का बांधली, अमुक व्यापाऱ्याला माल का दिला नाही, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. तेव्हा वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: तारीख, निर्णय, कारण आणि परिणाम. कारणाच्या रकान्यात ज्या जाणत्याने ती गोष्ट सांगितली त्याचे नावही लिहावे. परिणामाचा रकाना कोरा ठेवावा आणि वर्षअखेरीस, त्याच जाणत्याला शेजारी बसवून, भरावा.